इच्छेला नाडी जुमानत नाही

कल्याण मागे टाकून निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असे करीत बदलापुरास पोहोचते, तेव्हा त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत बसावयास मिळावे म्हणून उल्हासनगरास किंवा अंबरनाथास उलट दिशेने चढलेली जी मंडळी जागेवरून हलत नाहीत, त्यांचा फलाटावर तिष्ठत उभे असलेले बदलापूरकर मनातल्या मनात, आणि पुष्कळदा उघडही, उद्धार करीत असतात. या नित्याच्या तंट्यात न्यायनिवाडा करण्याचा अधिकार मला नाही. तथापि मुंबईच्या विरुद्ध दिशेस जाऊन प्रवास मुद्दाम लांबविणारा हा गृहस्थ शरीरविज्ञानाच्या दृष्टीने मुळीच वेडा नव्हे, एवढे मात्र दाखवून देता येते.

उल्फ लुंडबर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1976 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात न्यूनेसहाम्न या टोकाच्या गावाहून निघणाऱ्या गाडीने स्टॉकहोमास रोज जाणाऱ्या प्रवाशांच्या लघवीतील अॅड्रेनॅलिनचे प्रमाण मोजले, आणि पहिल्याच स्थानकावर चढून अधिक लांबचा पल्ला गाठणाऱ्यांपेक्षा मधल्या स्थानकावर चढून थोडक्यात सुटणाऱ्यांच्या शरीरावर ताणाची खूण अधिक ठळक उमटलेली त्यास आढळली. कारण उघड होते. पहिल्या स्थानकावरच्या माणसास जागा निवडता येत होती, डबा रिकामा होता, पिशवी कोठे ठेवावी हे त्याच्या हाती होते. मधल्या स्थानकावरच्याच्या हाती काहीच नव्हते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरांवर राहून चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवीत आयुष्य काढणाऱ्या आपल्या चाकरमान्यास हे सांगण्यासाठी स्वीडनपर्यंत जावे लागू नये, परंतु मोजमाप तेथे झाले हे खरे.

संकट समोर दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन सुटते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, पचनाचे काम तहकूब होते आणि स्नायूंकडे रक्त रवाना होते, हा सारा बंदोबस्त वॉल्टर कॅनन याने 1915 साली मांडला. हान्स सेल्ये याने 1936 साली दाखविले की कारण कोणतेही असो, प्रदीर्घ आघातास शरीर बरेचसे एकाच साच्याने उत्तर देते. वाघ येऊन गेला की हा बंदोबस्त उठावा, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु उशिरा धावणारी गाडी, साहेबाची हजेरीवही, घराचा हप्ता आणि मुलाची दहावी ही संकटे येऊन जाणारी नव्हेत, ती मुक्कामास असतात. आणि मग कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये दिवसचे दिवस चढी राहून रक्तदाब, साखर व झोप या तिहींचा हिशेब बिघडवू लागतात. या बाबतीत जे. वाइस याचा उंदरांवरील प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. दोन उंदरांस अगदी सारखेच विजेचे धक्के दिले, पण त्यांपैकी एकास चाक फिरवून धक्का थांबविता येत असे, आणि त्याच क्षणी दुसऱ्याचाही धक्का थांबे. दुःख दोघांचे समसमान. पण ज्याच्या पंजात चाक नव्हते त्याच्या जठरात व्रण अधिक झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. उंदराच्या जठरात ताणाने व्रण होतात म्हणून माणसाच्या पोटातील अल्सरही केवळ काळजीनेच होतो, असे मानून कित्येक दशके डॉक्टरांनी रोग्यांस दूध पिण्याचा व शांत राहण्याचा उपदेश केला. आणि मग वॉरन व मार्शल या ऑस्ट्रेलियन जोडीने असे दाखविले की त्यांतील पुष्कळ व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असून त्यावर प्रतिजैविके चालतात. त्या दोघांस 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा छातीत जळजळले, डोके धरले, हात बधिरला की ‘टेन्शन असेल, दुसरे काय?’ म्हणून मोकळे होणे हीदेखील एक अंधश्रद्धाच होय, आणि ती सुशिक्षितांत अधिक आहे.

दुसरी अंधश्रद्धा लोकलच्या डब्यातच चिकटविलेली असते. नोकरी, गृहक्लेश, प्रेमविवाह, शत्रुनाश, सर्वांवर खात्रीचा इलाज सांगणाऱ्या बंगाली बाबांच्या त्या चिठ्ठ्या पाहून शिकलेला माणूस हसतो, आणि घरी जाऊन ‘मनापासून इच्छा केली की विश्व ती पुरवते’ असे सांगणारे पुस्तक उशाशी घेऊन निजतो. दोहोंतील भेद मला फारसा कळलेला नाही. रक्तदाब व मधुमेह चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातींस 1954 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राचा 2013 चा कायदा आहे. पण स्वतःच स्वतःस दिलेल्या आश्वासनावर कोणता अंमलदार कारवाई करणार?

गोड कल्पना निदान निरुपद्रवी तरी असेल, असे आपण धरून चालतो. गाब्रिएले ओटिंगेन आणि टॉमस वॉडन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या 25 स्त्रियांचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध केला, त्यात आपण सडपातळ झालो आहोत अशी रम्य चित्रे रंगविणाऱ्यांचे वजन, तशी न रंगविणाऱ्यांपेक्षा, वर्षाअखेर सुमारे 11 किलोंनी कमी उतरले होते. उलट ‘आपल्याला हे जमेल’ असा साधार अंदाज बाळगणाऱ्या पुढे गेल्या. पुढे कॅपेस व ओटिंगेन यांनी असेही दाखविले की मनोराज्यात रमलेल्याचा रक्तदाब किंचित उतरतो. ऐकावयास हे बरे वाटते. परंतु ती विश्रांती काम झाल्याची असते, आणि काम तर झालेलेच नसते.

याहून मार्मिक पुरावा दम्याचा आहे. 2011 साली अमेरिकेत दमेकऱ्यांस कधी साल्ब्युटामॉलचा फवारा दिला, तर कधी औषधच नसलेला. ‘बरे वाटले का?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच आले. पण फुंकर मोजणाऱ्या यंत्रास विचारले असता खऱ्या औषधाने श्वास सुमारे 20 टक्क्यांनी सुधारला होता, पोकळ फवाऱ्याने 7 टक्क्यांनी, आणि काहीच न देताही तितकाच. रोग्यास बरे वाटले हे खोटे नव्हे. फुप्फुसापर्यंत ती वार्ता पोहोचली नाही, इतकेच.

असे मोजून पाहणे आपल्याकडेही झाले आहे. कल्याण कॅम्पातील लष्करी बराकींत सिंधमधून उखडलेल्या निर्वासितांच्या वस्तीस 1949 च्या ऑगस्टात उल्हासनगर असे नाव मिळाले, त्याच वर्षी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ही मुळी उन्मादावर देण्याची बिहारकडील जुनी रीत होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली तिच्याकडे लक्ष वेधले होते. वकिलांनी परंपरेस नमस्कारही केला नाही आणि तिची थट्टाही केली नाही. 50 रोग्यांस ते औषध दिले, रक्तदाब आधी व नंतर मोजला, आणि आकडे छापले. त्यानंतर या मुळीतून रेसरपीन निघाले, जगभर वापरले गेले, आणि त्याने काहींचे मन खिन्न होते अशा नोंदीही झाल्या. श्रद्धेची नोंदवही अशी दुहेरी कधी नसते.

लोकलमधील भजनी मंडळांविषयी मात्र माझे मत अनुकूल आहे. लुचानो बर्नार्डी या इटालियन वैद्याने 2001 साली पाहिले की लॅटिन जपमाळ म्हटली काय किंवा योगमंत्र म्हटला काय, श्वास मिनिटास सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. टाळांच्या ठेक्यावर लांबलेला सूरही उच्छ्वास लांबवीतच असणार, असा माझा तर्क आहे. देवाकडे काही न मागताही हा लाभ होतो, हे विशेष.

ज्यास आपला दाब पाहावयाचा असेल त्याने स्थानकाचा पूल चढून धापा टाकीत थेट दवाखान्यात बाही वर करू नये. चहा, तंबाखू अर्धा तास आधी टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. आणि एकाच मोजणीवर न विसंबता निरनिराळ्या दिवशी मोजून आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. दाब उतरला म्हणून गोळी आपल्याच मर्जीने बंद करू नये, कारण तो बहुधा गोळीनेच उतरलेला असतो. झोप उडाली असेल, मन कशातच लागत नसेल, तर शासनाची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.