मीठ जोखायचे कोणासाठी?

विरारच्या लोकलने जाणाऱ्या माणसाला मीरा रोड-भाईंदरचा पट्टा म्हणजे इमारतींची न संपणारी रांग वाटते. पण मध्येच ही रांग तुटते. बांध घातलेले चौकोन दिसतात, त्यांत आभाळ उतरलेले असते आणि उन्हाळ्यात कडेला पांढरे ढीग. ही भाईंदरची मिठागरे. १९८५ साली इथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली ओळख होती ती मिठाची. खाडीतून पडाव भरून मीठ जायचे, पुढे रेल्वेच्या वाघिणींतून जाऊ लागले.

मीठ म्हणजे साधी गोष्ट, त्यात तपासायचे ते काय, असे आपल्याला वाटते. मिठागरावर एक दिवस काढला तर हा गैरसमज दूर होतो. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवतात. समुद्राचे पाणी बोमे मापावर साधारण ३ अंशांचे असते. ते आटत गेले की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. २५ अंशांच्या आसपास खरे मीठ धरू लागते. पण लोभ धरून तेच पाणी ३० अंशांच्या पुढे आटू दिले, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. असे मीठ कडवट लागते आणि हवेतला ओलावा शोषून पाझरू लागते. म्हणजे मालाची प्रत ठरते ती वाफ्यातच, उरलेले पाणी नेमके कधी काढून टाकायचे या निर्णयात. मुरलेला कामगार पाण्याचा रंग बघून सांगतो. शंका आली तर काचेचे तरंगते मापक, हायड्रोमीटर, पाण्यात सोडतो.

या मिठावर सरकारची नजर जुनीच. मुंबई इलाख्यात १८९० चा मिठाचा कायदा आला. मिठागरावर पहारा, वजन, परवाना, सगळे चोख. पण त्या तपासणीचा पहिला प्रश्न असा की, कर चुकवून मण-पायली बाहेर तर गेली नाही ना? खाणाऱ्याच्या पोटाची चिंता त्यानंतरची. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर आणि शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या याच हिशेबाविरुद्ध. १९४७ साली हा कर गेला. काटा मात्र राहिला, आणि काटा कोणासाठी हा प्रश्नही.

ढिगातले मीठ विकायला निघाले की खरी गंमत सुरू होते. मीठ वजनावर विकतात आणि पाण्यालाही वजन असते. ढिगाची वरची साल उन्हाने कोरडी, तळाला ओल आणि चिखल. वरून मूठभर उचलून प्रयोगशाळेत दिली तर विकणारा खूश. तळातून उचलली तर घेणारा. म्हणून नमुना घेण्याची शिस्त आहे. ढिगाच्या अनेक जागांहून आणि खोलीतून माल घ्यायचा, एकत्र कालवायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करत किलोभरावर यायचे. त्याच्या पिशव्यांना लाखेची मोहोर लागते. एक पिशवी विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक तंट्यासाठी राखून ठेवलेली.

जहाजाचे मीठ असले तर तागडीच निराळी. हजारो टनांचा सुटा माल पोत्या-पोत्याने कोण जोखणार? तिथे जहाजच तराजू होते. जहाज पाण्यात किती बुडाले हे नाळेशी, मध्यावर आणि वरामाशी, दोन्ही बाजूंनी, असे सहा ठिकाणी वाचतात. माल भरण्याआधी आणि भरल्यावर. त्यातून इंधन, पिण्याचे पाणी, तळातले भरतीचे पाणी वजा घालतात. शिवाय बंदरातल्या पाण्याची घनता मोजावी लागते, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडते. आणि ती मोजायला तेच काचेचे मापक, भाईंदरच्या वाफ्यातल्या मापकाचे भावंड!

ही मोजणी त्रयस्थ पाहणीकार करतो. पण त्याचा दाखला नीट वाचावा. माल भरताना, त्या जागी, त्या वेळी जे दिसले तेवढ्याचीच तो ग्वाही देतो. वाटेत पाऊस लागला, झाकण गळले, तर दाखला खोटा ठरत नाही आणि मीठही चांगले राहत नाही.

इथपर्यंतच्या चुका निदान पैशाच्या. खाण्याच्या मिठात मात्र एक गोष्ट अशी आहे की ती डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. ती म्हणजे आयोडीन. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी यांनी सुरू केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, मिठातून आयोडीन दिले तर गलगंड हटतो. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा आली. तेव्हाचा नियम सांगत होता, कारखान्यात दशलक्ष भागांत किमान ३० भाग आयोडीन, गिऱ्हाइकाच्या हाती पडताना १५.

हे प्रमाण जरा डोळ्यांपुढे आणा. टनभर मिठात आयोडीन ३० ग्रॅम! दहा टनांच्या लॉरीत पाव किलोहून थोडे अधिक. ते नीट मिसळले नाही तर एका पुडीत भरपूर आणि दुसरीत शून्य. मीठ ओलसर असले तर ते ओलाव्याबरोबर झिरपूनही जाते. म्हणजे वाफ्यात मॅग्नेशियमचे पाणी वेळेवर काढले नाही, त्याची किंमत कुठल्यातरी घरात गरोदर बाईच्या पोटातले मूल मोजते. आयोडीनची वाण पडली तर मुलाच्या मेंदूची वाढच खुंटते.

मीठ खारट आहे की कडू, हे आपली जीभ सांगते. त्यापुढचे तपासायला आपण दुसऱ्यावर विसंबतो. वाफ्याशी उभा मजूर, मोहोर लावणारा पाहणीकार, नळीत थेंब मोजणारा रसायनतज्ज्ञ, हे सगळे आपली जीभच आहेत. १८९० चा पहारेकरी तिजोरीसाठी जोखत होता. आजचा पहारेकरी घेणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या फीवर काम करतो. पण ज्याच्यासाठी जोखायचे तो माणूस त्या खोलीत कधीच नसतो. राखून ठेवलेली तिसरी पिशवी खरे तर त्याची. ती भरताना हात प्रामाणिक राहिला, तरच खाल्ल्या मिठाला जागला म्हणायचे.