खाऱ्या पाण्यातला सॅमन आणि त्याचे आमिष

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची रीत आहे. रावस चवीला उत्तमच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सॅमनशी त्याचे नाते नुसते नावापुरते. रावसाच्या गळ्याखाली दोऱ्यासारखे मोकळे तंतू असतात, ते सॅमनला नसतात. उलट सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या थोडा अलीकडे, चरबीचा एक इवलासा पर असतो. हा पर तेवढा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

खरा सॅमन थंड पाण्यातला. जन्म नदीत, वाढ समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत, असा त्याचा क्रम. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती आहेत : चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. अंडी घालून झाली की या पाचही जातींचे मासे मरतात. शिवाय परतीच्या वाटेवर नदीत शिरल्यावर त्यांचे खाणे बंद होते. तेव्हा पोटाच्या भुकेने आमिषावर झडप घालणारा सॅमन पाहायचा, तर तो समुद्रातच पाहायला हवा.

तिथे तो खातो काय? मुख्यतः हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीसारखा चंदेरी मासा. त्याखेरीज वाळूत शिरून बसणारा बारीक लांबट सँड लान्स, माकुल, आणि कॅलिफोर्नियाकडे मांदेलीच्या जातकुळीतली अँचोव्ही. आमिषाचे सारे शास्त्र या यादीतून निघाले आहे. ज्या किनाऱ्यावर सॅमन जे खातो, त्याची नक्कल तिथला माणूस करतो.

आता सिअ‍ॅटलजवळच्या प्यूजेट साउंडकडे चला. समुद्राचा हा लांब फाटा जमिनीत खोल शिरलेला आहे. इथे ‘मूचिंग’ नावाची पद्धत फार प्रिय. होडीचे इंजिन बंद करायचे आणि होडी भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायची. दोरीला केळ्याच्या आकाराचे शिसे, त्याखाली काही फूट बारीक दोरा आणि शेवटी दोन गळांना लावलेले हेरिंग. हे हेरिंग अख्खे लावीत नाहीत. त्याचे डोके तिरक्या कापाने उडवतात, आणि खरी कला आहे ती या कापात! काप बरोबर बसला म्हणजे बिनडोक्याचे हेरिंग पाण्यात गिरक्या घेऊ लागते, जखमी मासा घेतो तशा. काप बदलला की गिरकी बदलते. कोहोला घट्ट, वेगाची गिरकी आवडते. चिनूकला संथ, रुंद लोळण. म्हणून जाणता माणूस आमिष आधी होडीच्या कडेला पाण्यात धरून फिरते कसे ते पाहतो, आणि मगच खाली सोडतो. हेरिंग मऊ पडून गळावरून सुटू नये म्हणून ते आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात. आमच्या कोकणात गरवायला बसणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

मूचिंगमध्ये नवखा माणूस फसतो तो एका जागी. मासा लागला की दोरी ताणली जाणार, अशी आपली समजूत. सॅमन मात्र पुष्कळदा आमिष तोंडात धरून वर येतो आणि दोरी एकदम ढिली पडते. अशा वेळी दोरी भराभर गुंडाळत सुटायचे, वजन हाताला लागेपर्यंत थांबायचे नाही.

दुसरी पद्धत ट्रोलिंगची, म्हणजे होडी हळूहळू चालवीत आमिष मागे ओढत नेण्याची. चिनूक पुष्कळदा खोल असतो, शंभर फुटांच्याही खाली. तिथवर आमिष न्यायला दहा-पंधरा पौंडांचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात. गळाची दोरी त्या तारेला एका चिमट्याने अडकवलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो, आणि मग मासा व माणूस यांच्यामध्ये शिशाचे ओझे राहत नाही. या साधनाला डाउनरिगर म्हणतात. आमिषाच्या पुढे साधारण अकरा इंचांची चकचकीत पट्टी लावतात, ती फ्लॅशर. ती गरागरा फिरते, चमकते आणि मागच्या प्लॅस्टिकच्या माकुलाला झटके देते. या माकुलाला स्वतःची चाल मुळीच नाही. सारी चाल फ्लॅशरची. म्हणून दोहोंमधला दोरा किती लांब ठेवावा यावर तिकडची माणसे तासन् तास वाद घालतात. रंगाचे म्हणाल, तर पाण्यात लाल उजेड सर्वांत आधी विरतो. हिरवा-निळा खोलवर जातो. खोल पाण्यात म्हणूनच हिरवी किंवा अंधारात उजळणारी आमिषे चालतात, लाल रंग तिथे काळाच दिसतो.

उत्तरेस कॅनडाच्या हद्दीत व्हँकूव्हर बेटावर कॅम्पबेल रिव्हर हे गाव आहे. तिथे १९२४ साली टायी क्लब निघाला. टायी म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी बोलीत ‘सरदार’. तीस पौंड किंवा त्याहून भारी चिनूकला हे नाव. या क्लबचे सभासदत्व नुसती वर्गणी भरून मिळत नाही. नदीच्या मुखाशी, वल्ह्यांच्या होडीतून, इंजिनाशिवाय, कृत्रिम आमिषावर, एकाच गळाने टायी पकडावा लागतो, आणि तोही ठरलेल्या हंगामातच. वल्ही मारणाऱ्याचे कसब इथे निम्म्याहून अधिक. लाकडी माशाला किंवा धातूच्या चमच्याला चाल देतो तो वल्हेकरी; पाण्याच्या ओढीत होडी धरून ठेवणे हे त्याचे काम. माझ्या मते गळाच्या साऱ्या पद्धतींत न्यायाची पद्धत हीच.

इतर किनाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये चिनूक मुळात नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाहून अंडी नेऊन तो तिथे वसवला. राकाया नदीच्या मुखाशी लोक किनाऱ्यावरच्या लाटांत खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि धातूची जड आमिषे दूर फेकतात. जपानात नदीतल्या सॅमनला गळ टाकायला साधारणतः बंदी, म्हणून होक्काइदोला समुद्रकाठावरून तरंगत्या बोंडाखाली चमचा टांगून, त्याच्या गळाला माशाची चिंधी लावतात. बाल्टिक समुद्रात अटलांटिक जातीचा सॅमन. तिथे होडीच्या दोन्ही बाजूंना फळ्या सोडून पुष्कळ दोऱ्या एकदम ओढतात.

गळही नाही आणि आमिषही नाही, अशीही एक पद्धत आहे, आणि ती सर्वांत जुन्यांपैकी. प्यूजेट साउंडच्या उत्तरेस लमी व त्यांच्या शेजारच्या मूळ रहिवाशांचे ‘रीफनेट’. दोन होड्यांच्या मधे जाळे, आणि जाळ्याकडे चढत जाणाऱ्या दोरांना बांधलेल्या गवताच्या पट्ट्या. सॅमनला वाटते, समुद्राचा तळ वर येतो आहे. तोही वर येतो आणि जाळ्यात शिरतो. १८५५ च्या तहात या लोकांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तो नाकारला गेला, लोक तुरुंगात गेले. शेवटी १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की तह करणाऱ्या जमातींना पकडीच्या निम्म्यापर्यंत वाटा मिळाला पाहिजे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी कायम केला.

आता तो चरबीचा पर. धरणे, तोडलेली जंगले आणि तापलेल्या नद्या यांनी रानटी सॅमन कमी झाला, म्हणून सरकारी उबवणुकींत पिले वाढवून सोडतात. सोडण्याआधी बहुतेकांचा तो पर कापतात. पर कापलेला असेल तर मासा पुष्कळ ठिकाणी ठेवता येतो. पर शाबूत असेल तर तो रानटी समजून सोडावा लागतो. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात असा मासा होडीत उचलूनसुद्धा घ्यायचा नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटाही तिथे चालत नाही, कारण तो काढताना तोंड फाटते. हे नियम कोणाला जाचक वाटतील. पण त्याच पाण्यात ओर्का देवमाशांचे एक कुटुंब मुख्यतः चिनूकवर जगते, आणि त्यांची संख्या शंभरही नाही. २०१८ साली त्यांतली एक मादी आपले मेलेले पिलू सतरा दिवस डोक्यावर वाहत फिरली. कॅलिफोर्नियात तर २०२३ आणि २०२४ या दोन्ही साली समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली.

तुमचे कोणी मुलगा-सून सिअ‍ॅटलला असतील आणि तुम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणार असाल, तर वर्ष विषम आहे का ते आधी बघा. पिंक सॅमन त्या भागात मोठ्या झुंडीने येतो तो विषम सालीच, ऑगस्टच्या सुमारास. त्याला ना होडी लागते, ना शिशाचा गोळा. परवाना काढायचा, त्या सालचे नियम वाचायचे, गुलाबी रंगाचे लहानसे आमिष घ्यायचे आणि किनाऱ्यावर उभे राहून फेकायचे. गुलाबीच का, असे विचारलेत तर तिथली माणसे सांगतील की हा मासा बारीक कोळंबीसारखे जीव खातो आणि त्यांचा रंग तसाच.