सियागंजचा निळा खटका

दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या सियागंजात सुकामेवा, खोपरं, साबुदाणा, हळद यांची पोती चढत-उतरत असतात. बोलीचा भाव कानावर पडतो, आणि त्याच गलबल्यात बिल बनवणाऱ्याच्या कीबोर्डाची खटखटही चालू असते. देशभरच्या बिलिंग काउंटरांवर वर्षानुवर्षं टिकून राहिलेला कीबोर्ड म्हणजे चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’. मेकॅनिकल कीबोर्डांचे शौकीन आज ज्या निळ्या स्विचवर हिरिरीने वाद घालतात, तोच जर्मनीच्या चेरी कंपनीचा निळा स्विच जुन्या गोल्डमध्ये होता. शौक रुजण्याच्या कितीतरी आधी आपल्या मुनीमजींचा हात त्यावर बसला होता, याची दखल घ्यायलाच हवी.

साध्या कीबोर्डात बटणाखाली रबराची टोपी असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि धातूचा संपर्क असलेला वेगळा स्विच. चेरीची एमएक्स मालिका १९८०च्या दशकातली. पेटंटची मुदत सरल्यावर गेटेरॉन, काइल्ह, आउटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच धाटणीचे स्विच स्वस्तात आणले, पण रंगांची मूळ वाटणी चेरीचीच राहिली. लाल स्विच सरळ खाली जातो: ४५ सेंटीन्यूटन दाब, म्हणजे जेमतेम ४६ ग्रॅमचा भार, आणि २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं. तपकिरीत वाटेत एक हलका उंचवटा बोटाला लागतो. त्याला ५५ पर्यंत दाब लागतो. निळ्याला ६० लागतात, आणि अक्षर उमटतं त्याच सुमारास आतला सरकता तुकडा ‘कट्’ वाजतो.

हिशेबाच्या कामात हा ‘कट्’ लाखमोलाचा. नजर चिठ्ठीवर असते, बोटं आकड्यांच्या बटणांवर. ५०,००० लिहिताना शून्य चारदा वाजलं की तीनदा, हे कान सांगतो. निळा स्विच पुन्हा दाबण्याआधी बराच वर येऊ द्यावा लागतो, म्हणून गेम खेळणारे त्याला नाकं मुरडतात. पण एक शून्य गळालं तर काय होतं, ते घाऊक व्यापाऱ्याला विचारा.

मराठी मजकुराचं गणित मात्र वेगळं आहे, आणि स्विचची तुलना करणारे जवळजवळ सगळे इंग्रजी टंकून निकाल देतात. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर ‘महाराष्ट्र’ लिहून पाहा. म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र: दहा ठोके (ष साठी शिफ्ट वेगळी). डावा-उजवा हात अगदी आळीपाळीने चालतो. पण डाव्या हाताचे पाचही ठोके, म्हणजे म, दोन काने आणि दोन पायमोडी, एकट्या मधल्या बोटाच्या वाट्याला येतात. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याचं हेच बोट निळ्या स्विचवर आधी थकतं.

मग लाल घ्यावा? पायमोड नेमकी डी या बटणावर आहे, आणि डावं मधलं बोट विसाव्याला तिथेच टेकलेलं असतं. उजवा हात ‘नगर’मधले ग आणि र टंकत असताना त्या बोटाचा भार चुकून पडला, की ‘नग्र’ होतं. इंग्रजीत जादा डी लगेच डोळ्यांत खुपतो. मराठीत जोडाक्षर गुपचूप तयार होतं आणि मुद्रितशोधकाच्या हाती लागेपर्यंत तसंच राहतं. म्हणून मराठी लेखनाला मी तपकिरीच सुचवेन. त्याचा उंचवटा फारच पुसट आहे, अशी शौकिनांची तक्रार खरी आहे, तरी बोट नुसतं टेकलंय की दाबलंय, एवढं तो सांगतो.

हल्ली पुष्कळ कीबोर्डांत सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरा बसवता येतो. त्यामुळे अख्ख्या कीबोर्डाला एकच रंग हवा, हा आग्रह सोडता येतो. लालची सवय असलेल्याने फक्त डीखाली जरा जड, उंचवट्याचा स्विच लावावा. दिवसा बिलं आणि रात्री मराठी लिहिणाऱ्याने आकड्यांच्या सतरा बटणांखाली निळा ठेवावा आणि अक्षरांखाली तपकिरी.