गेमिंगच्या संगणकाला रॅम किती?

ऐन मोक्याच्या क्षणी पडद्यावरचे चित्र गोठते, आवाज तुटक येऊ लागतो आणि दोन सेकंदांनी खेळ पूर्ववत होतो तोवर प्रतिस्पर्ध्याने डाव साधलेला असतो. संगणकावर खेळणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. त्यावर मित्र, मोठा भाऊ आणि दुकानदार यांचा सल्ला एकच असतो, ‘रॅम वाढव!’ सल्ला पुष्कळदा बरोबरही असतो. मात्र किती वाढवायची, या प्रश्नावर दुकानदार सोळा जीबी सांगतो, मित्र बत्तीस सांगतो आणि पैसे मोजणाऱ्या वडिलांना दोन्ही आकडे सारखेच अनाकलनीय वाटतात.

एकेकाळी या बाबतीतील चूक परवडत असे, कारण रॅम हा संगणकातील तुलनेने स्वस्त भाग होता. २०२५च्या उत्तरार्धात चित्र पालटले. जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या तयार करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरची मागणी पुरविण्याकडे या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता वळविली आणि घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकविक्रीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा बाजारात ‘असू द्या, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेली जादा रॅम चांगलीच महागात पडू शकते.

ओटा आणि फडताळ

रॅमचे काम समजून घेण्यासाठी स्वयंपाकघराकडे पाहणे पुरेसे आहे. सगळे सामान फडताळात असते. पण प्रत्यक्ष स्वयंपाक करताना जे लागते ते ओट्यावर काढून ठेवावे लागते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा अपुरा पडला की एक डबा आत ठेवून दुसरा बाहेर काढण्यात वेळ जातो. संगणकात नेमके हेच घडते. रॅम भरली की विंडोज त्यातील काही मजकूर ‘पेज फाइल’ या नावाने डिस्कवर हलविते आणि गरज पडेल तेव्हा परत आणते. रॅममधील माहिती मिळण्यास साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याच्या शेकडो पट आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. खेळातील तो हिसका येतो तो इथून.

मात्र ओटा पुरेसा असेल, तर तो दुप्पट लांब केल्याने भाजी लवकर शिजत नाही. रॅमच्या खरेदीत पैसे वाया जातात ते बहुधा या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. आठ जीबीवर अडखळणारा खेळ सोळा जीबीवर सुरळीत चालू लागला, की फरक डोळ्यांना दिसतो. पण जो खेळ सोळा जीबीत मावतो, त्याला बत्तीस जीबी दिल्याने फ्रेमचा दर जवळजवळ तसाच राहतो.

आधी मोजावे, मग घ्यावे

म्हणून दुकानात जाण्याआधी अर्धा तास मोजमापासाठी द्यावा. नेहमी पाठीमागे जे जे सुरू असते ते सर्व, म्हणजे ब्राउझरचे टॅब, डिस्कॉर्ड, गाणी, सुरू ठेवूनच खेळ चालवावा. वीस-पंचवीस मिनिटे खेळून झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ पाहावी.

इथे एक फसगत होते. रॅम सत्तर टक्के भरलेली दिसली की अनेक जण घाबरतात. वास्तविक जितकी रॅम जास्त, तितकी विंडोज आणि खेळ स्वतःहूनच अधिक वापरतात. त्यामुळे टक्केवारीपेक्षा ‘अव्हेलेबल’ हा आकडा महत्त्वाचा. खेळ सुरू असताना तो दोन-तीन जीबीच्या आसपास राहत असेल, तर घाई नाही. तो काहीशे एमबीपर्यंत घसरत असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळ्या मारत असेल, तर रॅम खरोखरच कमी पडते आहे असे समजावे.

रॅम शिल्लक असूनही खेळ अडखळत असेल, तर कारण अन्यत्र शोधायला हवे. पुष्कळदा ते ग्राफिक्स कार्डात असते. कार्डावर स्वतःची निराळी मेमरी असते आणि मदरबोर्डवर कितीही रॅम बसविली तरी ती वाढत नाही. खेळातील ‘टेक्स्चर’ची पातळी एक-दोन पायऱ्या खाली आणताच हिसके थांबले आणि रॅम तर आधीपासूनच शिल्लक होती, तर दोष बहुधा कार्डाच्या मेमरीचा. तिथे रॅमवर केलेला खर्च पाण्यात जातो.

आकडे काय सांगतात?

खेळांची भूक वाढली आहे, यात शंका नाही. २०१५मध्ये संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ला किमान चार आणि शिफारस म्हणून आठ जीबी रॅम पुरत असे. २०२३च्या ‘हॉगवर्ट्‌स लेगसी’ने किमान मागणीच सोळा जीबीवर नेली. २०२४च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ने तर किमान सोळा, शिफारस बत्तीस आणि आदर्श म्हणून चौसष्ट जीबी असे आकडे दिले. दुसरीकडे ‘व्हॅलोरंट’ चार जीबीवर आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ आठ जीबीवर चालू शकते असे त्यांचे निर्मातेच सांगतात. अर्थात किमान म्हणजे खेळ सुरू होईल एवढेच. सोबत ब्राउझर उघडा ठेवायचा असेल, तर हा हिशेब कोलमडतो.

तेव्हा ज्याच्याकडे आठ जीबी आहे आणि ज्याला नवे, मोठे खेळ खेळायचे आहेत, त्याने वाढीव भावातही सोळापर्यंत जाणे योग्य. सोळा असलेल्याने मात्र वरील मोजमाप केल्याशिवाय पाकीट काढू नये. बत्तीस जीबी शोभते ती नवा संगणक जुळवून तो पाच-सहा वर्षे वापरू इच्छिणाऱ्याला, खेळता खेळता थेट प्रक्षेपण करणाऱ्याला किंवा ‘सिटीज : स्कायलाइन्स’सारख्या खेळात शेकडो मॉड भरणाऱ्याला. चौसष्ट जीबीचा प्रश्न केवळ खेळणाऱ्यांसाठी क्वचितच उद्भवतो.

एक की दोन?

किती जीबी हे ठरले, तरी निम्मेच काम झालेले असते. सोळा जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्यास प्रोसेसरला दोन मार्गांनी माहिती मिळते. यालाच ‘ड्युअल चॅनेल’ म्हणतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, म्हणजे रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरवरच खेळ चालविणाऱ्या संगणकात हा फरक फार मोठा असतो, कारण तिथे चित्रांचे कामही याच रॅममधून चालते. चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवितात. तरी माहितीपुस्तिका पाहावी.

आधीच एक स्टिक असेल, तर तिला जोड देताना प्रकार, वेग आणि शक्य तर कंपनीही तीच ठेवावी. भिन्न वेगाच्या दोन स्टिक लावल्या की दोन्ही धिम्या स्टिकच्या चालीने चालतात. डीडीआर४च्या जागी डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर५च्या चार स्टिक भरल्यास वेग बराच खाली येतो, म्हणून तिथे सुरुवातीलाच दोन स्टिकमध्ये हवी तेवढी क्षमता घ्यावी. लॅपटॉपच्या स्टिक आखूड असतात, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असल्याने वाढविताच येत नाही. किती स्लॉट वापरात आहेत, हे टास्क मॅनेजर बहुधा सांगतोच. रॅमवरच्या रंगीत दिव्यांनी वेगात काडीचाही फरक पडत नाही, किमतीत मात्र पडतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा अन्यत्र कुठेही खरेदी करताना पक्के बिल घ्यावे. रॅम बसविल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एएमडीच्या मदरबोर्डवर एक्स्पो ही सोय सुरू करावी. अन्यथा ३२००चा वेग छापलेली डीडीआर४ स्टिक अनेकदा २१३३ किंवा २६६६वरच रेंगाळते. त्यानंतर विंडोजमधील ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ ही चाचणी एकदा चालवावी. स्टिक सदोष निघाली, तर बदलून देण्याची दुकानदाराची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते.