धमकी परदेशातली, ठाणे पनवेलचे

खारघरमध्ये भाड्याने राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘तू तिथे सभेत काय बोललास ते आम्हाला कळलंय. तुझा भाऊ अजून इकडेच आहे.’ पुढे ना नाव, ना सही. एखादे सरकार देशाबाहेर गेलेल्या माणसाचे तोंड बंद करते ते अनेकदा असेच, घरच्यांना पुढे करून.

‘हा दिल्लीचा विषय, पोलीस ठाणे काय करणार?’ हा सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे आहेत हे खरे. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे दिलेले आहेत. त्यामुळे तक्रार घ्यायची ती नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या ठाण्यानेच.

‘वेगळा कायदा नाही, म्हणजे संरक्षणही नाही’ यातले अर्धेच खरे. कॅनडाने जून २०२४ मध्ये परकीय सत्तेच्या वतीने धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या विधिमंडळांतही अशी विधेयके आली. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ वाचा: धमकी स्वतःला असो वा जिवलगाला, घाबरवण्यासाठी असो वा हक्काची गोष्ट करण्यापासून अडवण्यासाठी, तो गुन्हाच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, जिवे मारण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून धमकी दिली तर आणखी दोन वर्षांपर्यंत. परदेशात बसून इथल्या गुन्ह्याला चिथावणी देणाराही कलम ४८ मुळे सुटत नाही.

अडचण वेगळीच आहे. साध्या धमकीची नोंद बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्हा म्हणून होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास पुढे सरकत नाही. धमकीमागे एक अख्खे सरकार उभे आहे, ही गोष्ट त्या नोंदीत कुठेच येत नाही. माझ्या मते राज्याने आधी हात घालावा तो इथे. ठाणे अंमलदाराला अशी तक्रार ओळखता आली पाहिजे, त्याला तसे शिकवले पाहिजे.

‘तो आपला नागरिक नाही’ हेही कारण चालत नाही. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की जीविताचे रक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाचे करायचे. धमकी देणाऱ्यांपैकी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना काही कायदेशीर संरक्षण असते. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या इथल्या भाडोत्री माणसाला ते मिळत नाही.

आणि ‘दूतावासातून बोलतोय, तुमच्या मुलावर केस आहे, पैसे भरा’ असा फोन आखातात माणूस असलेल्या घरी आला, तर ती बहुतेक वेळा सरळ फसवणूक असते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. धमकी खरी असो वा बनावट, मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख आणि वेळ जपून ठेवा, आणि तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.