हरणं मारायचा परवाना मिळत नाही

सोयाबीन उगवून आलं की चाकूर तालुक्यात एक बोलणं हमखास कानावर येतं: ‘वन खात्याचा परवाना काढला की हरणं मारता येतात.’ आता त्याला मोबाईलवरच्या व्हिडिओंची जोड मिळाली आहे. कुठल्याशा बेटावर पैसे भरून, वाटाड्या सोबत घेऊन लोक हरणं टिपतात. तिथं चालतं, मग इथं का नाही?

नाही मिळत परवाना. कितीदाही विचारा, उत्तर हेच. आपल्या रानात कळपानं फिरतं ते काळवीट, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते अनुसूची १ मध्ये आहे. कलम ११ वाचा. या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. उभ्या पिकाचं नुकसान हे कारण कायद्यात आहे, पण अनुसूची २ साठी. रोही आणि रानडुक्कर तिथं येतात, म्हणून त्यांच्या बाबतीत अटी घालून परवानगी मिळते. ‘अमक्याला परवाना मिळाला’ ही बातमी तिथूनच निघत असावी. गावोगाव फिरताना रोहीचं हरीण होतं. त्या ऐकीव गोष्टीवर कुणी काळवीट मारलं, तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. परवान्याच्या गप्पा मारणारे हे का सांगत नाहीत?

आता त्या बेटाचं. हवाईतल्या लानाई बेटावर मारतात ते आपल्याकडचंच चितळ. १८६० च्या दशकात राजाला भेट म्हणून ते जवळच्या मोलोकाई बेटावर आलं, १९२० मध्ये लानाईवर सोडलं गेलं. तिथं त्याला खाणारा ना वाघ, ना लांडगा. कळप वाढले, झाडोरा उघडा पडला, म्हणून तिथं शिकार. काळवीट मात्र या माळरानाचंच आहे. त्याचं गवत आपल्या नांगराखाली गेलं.

शेतकऱ्याचा राग खराच आहे. कळपानं कोवळे शेंडे खुडले की दुबार पेरणी अंगावर येते. पण मग नुकसानीपासून ३ दिवसांत वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई तोकडी वाटते, तर त्यासाठी भांडा. मध्य प्रदेशात शाजापूर भागातून २०२५ मध्ये हेलिकॉप्टरच्या मदतीनं हाकून आठशेहून जास्त काळविटं अभयारण्यांत हलवली गेली. तशी मागणी आपल्या ग्रामसभांनी का करू नये?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. काळविटाच्या बेंबीत कस्तुरी नसते, कस्तुरीमृग हिमालयातला. ‘मारलं दुसऱ्यानं, मी फक्त मटण घेतलं’ ही पळवाट नाही. विकत घेणं आणि जवळ बाळगणं हाही गुन्हाच. आणि काळविटाची शिंगं चितळासारखी दरवर्षी गळत नाहीत, त्यामुळे भिंतीवरची जोडी ‘रानात पडलेली सापडली’ असं सांगून सुटका होत नाही.