वत्सगुल्मातलं लग्न

माझं माहेर वाशीमचं आणि आमचं लग्नही तिथंच लागलं. त्यानंतर काही वर्षांनी वाकाटकांविषयी वाचता वाचता कळलं की खुद्द काव्याचं लग्नही वाशीमलाच लागलं होतं. तेव्हापासून ती गोष्ट सांगणारी राजशेखराची 'काव्यमीमांसा' माझ्या उशाशी आहे. बावीस वर्षांत तिच्या तिसऱ्या अध्यायाची पानं हाताळून मऊ पडली.

यंदा पाऊस उघडल्यावर ठरवलं की त्या गोष्टीतल्यासारखा प्रवास दोघांनीच करायचा. शुक्रवारी संध्याकाळी वाशीमहून निघायचं, पहिला मुक्काम पैनगंगेकाठी मेहकरला, दुसरा बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर आणि रविवारी अजिंठा. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून आणि मेहकरजवळून जातो, पण आम्ही मालेगाववरून जुन्या रस्त्यानं गेलो. पैनगंगा बुलढाण्याकडच्या डोंगरात उगम पावून वाशीमकडे येते, म्हणजे आमची वाट नदीच्या उलट दिशेची होती. मेहकरच्या लॉजची खोली साधी होती, चहा बरा होता. मेहकरला हेमाडपंती बांधणीची, दगडी खांबांची एक जुनी धर्मशाळा आहे, ती मात्र बघावीच. वाटसरूनं रात्र काढावी म्हणून कुणीतरी इतके देखणे खांब घडवले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या रात्री नवऱ्याला सगळी गोष्ट पहिल्यांदाच नीट सांगितली. सरस्वतीला मुलगा झाला, तो काव्यपुरुष. एकदा ब्रह्मदेवाच्या सभेत वाद पेटला आणि निवाड्याला सरस्वतीला बोलावणं आलं. मुलगा मागं लागला, तिनं त्याला परत पाठवलं, तेव्हा तो रुसून घर सोडून निघाला. त्याचा जिवलग मित्र म्हणजे गौरीचा कुमार. तो रडू लागला. गौरीनं विचार केला की प्रेमाशिवाय दुसरं काहीच माणसाला बांधून ठेवत नाही, आणि तिनं एक मुलगी निर्माण केली, साहित्यविद्यावधू. तिला सांगितलं, हा तुझा नवरा रागावून चाललाय, त्याच्या मागं जा आणि त्याला परत आण. मुनींनाही सांगितलं की तुम्ही यांच्याबरोबर जा आणि यांचं चरित्र गा. मुनींचं हे वऱ्हाड लग्नाआधीच निघालं, आणि निघालं तेही वऱ्हाडाच्याच वाटेनं.

आधी ते पूर्वेला गेले, अंग, वंग, सुह्म, पुंड्र या देशांत. तिथं तिनं जो वेश केला तो तिथल्या बायकांनी उचलला. ती नाचली, गायली. तो ढिम्म हलला नाही. लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी भरलेलं काहीतरी बोलला, ती गौडी रीती, म्हणजे शैली. मग पांचाल देश आला. तिथं तो थोडा विरघळला, समास आखूड झाले, ती पांचाली. मग अवंती, आणि शेवटी दक्षिण. कुंतल, केरळ, महाराष्ट्र अशी नावं राजशेखर घेतो. इथं तो पुरता तिचा झाला. जे बोलला त्यात समास जवळजवळ नव्हतेच, शब्द आपापल्या अर्थानं मोकळे उभे होते. ती वैदर्भी. मग विदर्भात वत्सगुल्म नावाचं नगर आहे, म्हणजे आजचं वाशीम, मदनाचं क्रीडाघर, तिथं त्यानं तिच्याशी गांधर्व विवाह केला.

काव्यशास्त्राच्या वर्गात रीती शिकवतात त्या गुणांच्या हिशेबानं. माधुर्य इतकं, ओज इतकं. परीक्षेला ते ठीक आहे. पण मला राजशेखराचं म्हणणं जास्त खरं वाटतं. त्याच्या गोष्टीत रीती म्हणजे एका रुसलेल्या माणसाची भाषा बाईच्या सोबतीनं हळूहळू सैल होत जाण्याचे टप्पे. काव्यशास्त्रकार दंडी या शैलींना 'मार्ग' म्हणतो. भोज तर रीती हा शब्दच 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून काढतो. ही सगळी रस्त्याची भाषा आहे, आणि तो रस्ता जिथं पोचतो ते गाव वाशीम.

राजशेखराला हे सुचावं यात नवल नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्याच्या सुरुवातीला तो कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता. पण त्याचं घराणं यायावरांचं, म्हणजे नावातच भटकंती. पणजोबा अकालजलद, ज्याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. आणि बायको अवंतिसुंदरी, चौहान कुळातली. या बाईविषयी कितीतरी लिहायला हवं होतं आणि लिहिलं गेलेलं नाही. 'कर्पूरमंजरी' हे त्याचं संपूर्ण प्राकृतातलं नाटक तिच्याच इच्छेनं रंगभूमीवर आलं. त्यातली नायिकाही वच्छोम नगरातून आणलेली आहे. वच्छोम म्हणजे वत्सगुल्मच, आणि वैदर्भी रीतीचं प्राकृत नाव त्यावरूनच वच्छोमी.

'काव्यमीमांसे'त तो बायकोची मतं नाव घेऊन देतो. पाचव्या अध्यायात काव्याचा 'पाक' कशाला म्हणावा याची चर्चा आहे. वामनाचे अनुयायी म्हणतात, एकही शब्द बदलता येत नाही तेव्हा पाक साधला. आजही आपण हेच थोरपण मानतो. अवंतिसुंदरी म्हणते, हा पाक नव्हे, ही अशक्ती आहे, कारण मोठ्या कवीला एकाच गोष्टीसाठी अनेक शब्दरूपं सुचतात आणि ती सगळी पक्व असतात. एवढ्या मोठ्या परंपरेला तिनं इतकं सरळ उत्तर दिलं, आणि नवऱ्यानं ते मोठ्या आचार्यांच्या मतांच्या पंक्तीत बसवलं. दहाव्या अध्यायात तो लिहितो की पुरुषांसारख्या बायकाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्यावर होतो, तो बाई-पुरुष बघत नाही. हे त्याला कुठल्या पोथीनं शिकवलं असेल असं मला वाटत नाही. ते त्याच्या घरातून आलं.

हा ग्रंथही हरवल्यातच जमा होता. अठरा अधिकरणांचा बेत होता, त्यातलं पहिलंच हाती आलं. ते 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक म्हणून छापलं गेलं.

तेव्हाही वत्सगुल्म म्हणजे गोष्टीतलंच गाव होतं. ते राजधानीचं ठिकाण होतं हे सिद्ध झालं 1939 साली, वाशीमलाच सापडलेल्या ताम्रपटामुळं. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती, सर्वसेनाचा मुलगा, आपल्या राजवटीच्या 37व्या वर्षी वत्सगुल्माहून एक गाव दान देतो. गाव नांदीकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, 'उत्तर मार्गा'तलं. इथं मार्ग म्हणजे मुलखाचा विभाग. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, लोकांना कळेल असा. चौथ्या शतकातल्या या पत्र्यांनी वाकाटकांची एक अख्खी शाखा परत मिळवून दिली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात पूर्वीच्या वाचनांत सर्वसेनाचं नाव हरवलं होतं. संशोधक वा. वि. मिराशींनी तो लेख पुन्हा वाचला आणि नाव जागेवर आलं. या सर्वसेनानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं होतं. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण पारिजात आणतो, तो त्याचा विषय. काव्य गेलं, इतरांच्या ग्रंथांतून उद्धृत झालेल्या काही गाथा तेवढ्या उरल्या.

रविवारी सकाळी बुलढाण्याहून अजिंठ्याला पोचलो. वाशीमच्या आसपासच्या टेकड्या याच डोंगररांगेचा पूर्वेकडचा भाग, त्यामुळं परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. वाघोरा नदी जिथं नालेच्या आकाराचं वळण घेते तिथं कड्यात ही लेणी आहेत. भिक्षूंनी पावसाळ्यात फिरणं थांबवून एका जागी राहायचं, त्यासाठी विहार. नदीकाठचा आणि डोंगरातला मुक्काम म्हणून यापेक्षा जुनी सोय आमच्या वाटेवर दुसरी नव्हती. सोळावं लेणं वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात भिक्षुसंघाला दिलं. वाशीमच्या दरबारातला पैसा आणि वाशीमच्या मंत्र्याचं मन इथं दगडात आहे, आणि आमच्या शहरातल्या शाळांच्या सहली इथं येऊन हे न ऐकताच परत जातात याचं मला वाईट वाटतं.

लेख व्हरांड्याबाहेर डाव्या भिंतीवर आहे. बराचसा गेलेला. आम्ही दोघं त्याच्यापुढं उभे राहिलो. नवऱ्यानं विचारलं, "लग्नानंतर पुढं काय झालं त्यांचं? ते सांगायचं राहिलं तुझं."

मग राहिलेलं सांगितलं. लग्नानंतर ती दोघं आलेल्या वाटेवरचेच देश पुन्हा बघत, मजेत फिरत, हिमालयावर गेली. तिथं गौरी आणि सरस्वती एकमेकींच्या विहिणी होऊन बसल्या होत्या. जोडपं पाया पडलं. दोघी आयांनी आशीर्वाद दिला आणि राहायला जागा दिली, कवींच्या मनात.

"आणि वाशीमला परत आलीच नाहीत?"

"राजशेखर तसं काही लिहीत नाही."

तो थोडा वेळ खाली वाघोरेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आपण आज पोचू. आई जेवायला थांबली असेल." माझी आई. घाट चढताना अंधार पडला, तेव्हा मेहकर अजून लांब होतं.